ससा आणि हौला

बायको गेली त्या दिवशी तिचा ससा घरात होता. तेरावं झाल्यावर गौलीगुड्याहून तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, फोन आला.

"भाऊजी, मुकं जनावर रानात मोकळं सोडा. तिला गती मिळेल."

तिला गती मिळावी असं मलाही वाटत होतं. पण सशाला कुत्र्यांनी खाल्लं असतं. तिच्या आवाजाला कान टवकारणारे घरात आम्ही दोघंच होतो. आता एकटा उरायची माझी तयारी नव्हती. ताई घरी आल्या तेव्हा मी समजावू लागलो.

"रानातला ससा वेगळा, ताई. तो उघड्यावर गवतात राहतो. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. ह्याच्या जातीची पिल्लं बिळात होतात, उघडीवाघडी, आंधळी. रानात ह्याचं कुणी नाही."

"मग ह्याला काय म्हणतात?"

"ससा."

"आणि त्याला?"

"ससाच."

"मग झालं तर!"

मी शब्दकोश काढला. त्यात शशक निघाला, म्हणजे पुन्हा ससाच. उर्दूत दोघंही खरगोश, तेलुगूत दोघंही कुंदेलु. जन्मभर कॉलेजात भाषा शिकवली आणि ऐन वेळी तीन भाषांनी मिळून मला तोंडघशी पाडलं.

रविवारी ऑटोने आम्ही शहराबाहेरच्या माळावर गेलो. ताईंनी सशाच्या टोपलीला हळदकुंकू लावलं. तेवढ्यात खडकाआडून करड्या रंगाचं, लांब तंगड्यांचं काहीतरी उठलं आणि दिसेनासं झालं.

"अगं बाई! हरीण?"

"ससा. रानातला."

ताईंनी आमच्या सशाला गवतावर ठेवलं. त्याने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि बीळ समजून तो ताईंच्या निऱ्यांत शिरला.

"मेल्या, नऊवारी आहे ती!" ताई एका पायावर नाचू लागल्या. "भाऊजी, काढा ह्याला! नक्को, तुम्ही नक्को! मीच काढते!"

तो निघाला तेव्हा त्याच्या तोंडात साडीचा काठ होता.

"हा ससा नव्हे," ताई धापा टाकत म्हणाल्या. "हा हौला आहे."

आमच्याकडे बावळटाला हौला म्हणतात. इतका सोपा शब्द मला सुचला नव्हता.

"मग सोडायचा ना?" मी भीत भीत विचारलं.

"हौल्याला कुणी रानात सोडतं का? घरी न्या."

"आणि तिची गती?"

"ती बघून घेईल. ती काय हौली होती?"

आता घरात मी आहे, तिचा ससा आहे आणि सोफ्याचे उरलेले तीन पाय आहेत.