गेटवरचा सोनेरी अणू आणि गायकवाड मॅडम

पहिल्याच तासाला गायकवाड मॅडमनी आम्हाला कोऱ्या कागदावर अणूचं चित्र काढायला सांगितलं. थोड्या वेळाने कागद गोळा केले, एकही न बघता कोपऱ्यातल्या टोपलीत टाकले आणि हात झटकले. पुढच्या बाकावरचा एक मुलगा धीर करून म्हणाला, "मॅडम, बघितले पण नाहीत?"

"बघायचं काय त्यात? मधे एक लाडू आणि भोवती फिरणारे मणी. ती सूर्यमाला झाली. भूगोलाच्या सरांना दाखवा, ते कौतुक करतील."

एक कागद मात्र टोपलीबाहेर पडला होता आणि तो कोरा होता. तो माझा. आमच्या करमाळ्याच्या शाळेत प्रयोगशाळा होती, पण तिला कायम कुलूप असायचं. अणू म्हणजे कलिंगड आणि इलेक्ट्रॉन म्हणजे त्यातल्या बिया, एवढंच मला ठाऊक होतं. पुण्यात येऊन पहिल्याच दिवशी कलिंगड काढायची हिंमत झाली नाही.

"हा कागद कोणाचा? आपण कुठले?"

"करमाळ्याचा, मॅडम. माने."

"वर्गात सत्याच्या सर्वांत जवळ आपण पोचलात, माने. अणू जवळजवळ रिकामाच असतो. अर्थात आपल्याला ते माहीत नव्हतं. बसा."

ही शाबासकी होती की अपमान, याचा मी हॉस्टेलवर जाईपर्यंत विचार करत होतो. दोन्ही होतं. मॅडमकडून निव्वळ शाबासकी मिळालेला विद्यार्थी मला पुढे कधी भेटला नाही.

त्या पोरासोरांनाही 'अहो', 'आपण' म्हणत. विचारलं तर सांगत, "एकेरीत बोललं की माणूस रागावतो. अहो-जाहो केलं की अपमान नीट पोचतो." येरवड्याहून स्कूटरवर यायच्या, तेही हेल्मेट घालून. मुलांनी त्यांचं नाव 'ॲसिड' ठेवलं होतं. फळ्यावर कोणीतरी ते लिहून ठेवलं, तेव्हा त्यांनी वाचलं आणि खडू पुढे केला. "संहत की विरल, तेवढं लिहा. रसायनशास्त्राचे विद्यार्थी आहात, मोघम लिहू नये."

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की विषय कळायचा आणि आपली लायकीही कळायची. एकदा आम्हाला भर उन्हात मैदानावर नेलं. मधोमध मोहरीचा एक दाणा ठेवला आणि सगळ्यांना कुंपणाच्या भिंतीशी उभं केलं. "दाणा म्हणजे केंद्रक. आपण सगळे इलेक्ट्रॉन. मधे काय आहे?" काहीच नव्हतं. नुसतं ऊन होतं. "आता जा आणि दाणा शोधून आणा." अर्धा वर्ग गुडघ्यांवर बसून माती चाळत राहिला. दाणा सापडला नाही. "हरवला? मग कळला अणू. अणूचं जवळजवळ सगळं वजन त्या दाण्यात असतं, बाकीचा नुसता घेर. मोठ्या माणसांचंही तसंच असतं."

सोनं आणि पारा त्यांचे आवडते शेजारी. "केंद्रकात एकोणऐंशी प्रोटॉन असले की सोनं, ऐंशी झाले की पारा. एका प्रोटॉनचा फरक. एकाला तिजोरीत ठेवतात, दुसरा फुटक्या थर्मामीटरमधून फरशीवर पळतो." मग चष्मा पुसत, जरा हळू आवाजात एक वाक्य यायचं. ते त्या दर वर्षी म्हणत असणार, पण मी ऐकलं तेव्हा मला ते फक्त माझ्यासाठी आहे असं वाटलं. "आवर्तसारणीत जागा प्रोटॉन मोजून मिळते. आडनाव विचारत नाहीत. म्हणून मी हा विषय घेतला." त्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी भिंतभर आवर्तसारणी. वडील येरवड्यातच एका कारखान्यात कामगार होते. ती सारणी त्यांनी आणून दिली होती, असं मॅडमनी एकदाच सांगितलं.

त्यांचा एक नियम साऱ्या कॉलेजात कुप्रसिद्ध होता. ज्या उत्तराला शून्य मिळेल, त्याची दुरुस्ती विद्यार्थ्याने स्वतःच्या अक्षरात लिहायची, खाली सही करायची आणि विभागाच्या फलकावर आठवडाभर लावायची. माझे कागद त्या फलकावर इतक्यांदा लागले, की एका मुलीला वाटलं मी विभागाचा सूचना देणारा कारकून आहे.

याच बाईंनी मला एम.एस्सी. करायला लावलं आणि नंतर विभागात तासिका तत्त्वावर उभं केलं. म्हणजे जेवढे तास शिकवू तेवढंच मानधन. सुट्टी लागली की पंखा बंद आणि मानधनही बंद. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. करमाळ्यात वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. पंक्चर काढता काढता ते गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगं पुण्यात प्रोफेसर हाय." गिऱ्हाईक विचारायचं, "कायम झालं का?" त्यावर ते पंप मारायला लागायचे.

मॅडमच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी विभागात कायम नोकरीची एक जागा निघाली. उमेदवार दोघे: मी आणि संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांचे भाचे. नेमकी त्याच सुमारास मूल्यांकन समिती येणार होती.

समिती येणार म्हटल्यावर कॉलेज कसं बदलतं, ते पाहिलेल्यालाच कळेल. भिंतींना रंग लागला. कुंड्या भाड्याने आल्या. ग्रंथालयातली पुस्तकं पुसून पहिल्यांदाच उघडली गेली आणि त्यांतल्या वाळवीला जागा सोडावी लागली. दादासाहेबांनी स्वतः एक कल्पना काढली. त्यांच्या रानात आधी ऊस होता, मग प्लॉट पडले, शेवटी कॉलेज आलं. त्या कॉलेजचा यंदा रौप्यमहोत्सव होता. गेटवर अणूचं शिल्प उभं करायचं ठरलं. प्राचार्य म्हणाले, "रौप्य, म्हणजे चांदीचा अणू करू." दादासाहेब म्हणाले, "चांदीत काय हाय? सोन्याचाच करा."

खिडक्यांचे ग्रिल बनवणाऱ्या माणसाने तो तयार केला. मधे मोठा गोळा, भोवती लोखंडाची एकात एक तीन कडी, प्रत्येक कड्यावर तीन चेंडू, सगळ्याला सोनेरी रंग आणि रात्री लुकलुकणारे दिवे. मॅडमनी स्कूटर थांबवली, हेल्मेट काढलं आणि मोजलं.

"नऊ इलेक्ट्रॉन. म्हणजे हा फ्लोरीन. दिसेल त्याच्याशी झोंबणारा वायू गेटवर उभा केलाय, आणि त्याला सोनेरी रंग. अहो, सोन्याचा सुटा अणूसुद्धा सोनेरी नसतो." मग आतल्या कड्याकडे बोट दाखवलं. "पहिल्या कवचात जागा दोन. हा तिसरा कोणाच्या चिठ्ठीने आत आला?"

पहारेकरी हसला. हे वाक्य दुपारपर्यंत प्राचार्यांच्या केबिनमध्ये पोचलं. त्यांनी मॅडमना बोलावलं. मी तेव्हा हजेरीपट घेऊन दारात उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"मॅडम, तुमच्या मानेंची मुलाखत समिती गेल्यावर लगेच आहे. दादासाहेबांच्या मनात आहेत ते. आता सगळं तुमच्या तोंडावर आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे ते बंद राहण्यावर."

मॅडम उत्तर न देता बाहेर आल्या, ही गोष्ट शिपायाने पुढे बरेच दिवस सांगितली.

समिती आली. मी गुलाबांचं ताट घेऊन उभा होतो. दादासाहेब म्हणाले, "शास्त्राचं कॉलेज हाय, तवा गेटवरच शास्त्र. सोन्याचा अणू हाय ह्यो." समितीचे प्रमुख परप्रांतातले, स्वतः रसायनशास्त्राचे. त्यांनी मान वर करून चेंडू मोजलेले मी पाहिले. मग ते मॅडमकडे वळले आणि हसत विचारलं, "कौनसा एलिमेंट है, मॅडम?"

मॅडमनी अणूकडे पाहिलं, प्राचार्यांकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ताटाकडे पाहिलं.

"गोल्ड," त्या म्हणाल्या.

"अच्छा," म्हणून गृहस्थ पुढे गेले. पिपेटने द्रव ओढताना ॲसिड तोंडात आलं की माणसाचा जसा चेहरा होतो, तसा मॅडमचा झाला होता. मला मनातून हायसं वाटलं, हे खरं आहे. वडिलांना फोन करून 'आता होईल' असंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वर्षाच्या वर्गावर मॅडमचा तास होता. मी मागे बसून प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होतो.

"काल गेटवर एक तोंडी परीक्षा झाली," त्यांनी सुरुवात केली. "प्रश्न: हा अणू कोणत्या मूलद्रव्याचा? विद्यार्थिनी: गायकवाड. उत्तर: सोनं. किती गुण द्याल?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली.

"घाबरताय कशाला? मी आपल्याला कधी सोडलंय का?"

खिडकीपाशी बसलेली एक मुलगी उठली. "शून्य, मॅडम."

"कारण? कारण नसलेलं शून्य मी घेत नाही."

"इलेक्ट्रॉन नऊच आहेत. सोन्याला एकोणऐंशी लागतात. आणि पहिल्या कवचात तीन बसत नाहीत."

"शाब्बास," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही माझ्या नोकरीच्या मोबदल्यात दुसऱ्याला मिळाला. मग त्यांनी कागद घेतला, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'गेटवरील अणू सोन्याचा नाही. माझे उत्तर चूक होते.' खाली सही केली आणि स्वतः जाऊन तो फलकावर लावला.

मी मागोमाग गेलो. "मॅडम, मुलाखत परवा आहे."

"माहीत आहे."

"हा कागद चार दिवसांनी लावला असता तरी..."

"आपले कागद लावताना मी चार दिवस थांबले होते का?"

मला रागच आला. माझ्या आयुष्यापेक्षा यांना पहिल्या कवचातल्या दोन जागा मोठ्या वाटतात, असं मनात आलं. तासाभरात फलकाचा फोटो मुलांनी सगळीकडे पाठवला आणि संध्याकाळी तो दादासाहेबांच्या फोनवर होता.

मुलाखतीला समोर दादासाहेब, प्राचार्य, बाहेरचे एक तज्ज्ञ आणि विभागप्रमुख म्हणून मॅडम. तज्ज्ञांनी काही विचारायच्या आत दादासाहेबांनी फोन माझ्यापुढे सरकवला.

"माने, ह्या कागदावर लिवलंय ते खरं हाय का?"

प्राचार्य माझ्याकडे पाहून डोळ्यांनी 'नाही' म्हणत होते. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी खूण केली असती, तर बहुतेक मी ती पाळली असती. त्यांनी ती केली नाही.

"खरं आहे, साहेब."

"म्हंजे आमचा अणू खोटा?"

"अणू नाहीच तो, साहेब. शोभेची वस्तू आहे. चांगली आहे."

मी ते मनापासून म्हणालो होतो, पण दादासाहेबांना 'चांगली आहे' हेच जास्त लागलं असावं. तज्ज्ञांना जोराचा खोकला आला. भाच्यांची नेमणूक झाली. त्यांनी पहिल्या तासाला फळ्यावर अणूचं चित्र काढलं, मधे लाडू आणि भोवती मणी. आज मी लोणी काळभोरला एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, मॅडम निवृत्त आहेत, आणि गेटवरच्या अणूत कबुतरांनी घर केलं आहे.

निकाल लागला त्या दिवशी मॅडम मला पार्किंगमध्ये गाठून म्हणाल्या, "वडिलांना कोण सांगणार?"

"मी सांगतो, मॅडम."

"चूक माझी. मी सांगणार."

मी नको म्हणालो. त्यांनी कोणाचं ऐकल्याचं माझ्या माहितीत नव्हतंच. रविवारी स्वारगेटहून एस.टी. पकडून आम्ही दोघे करमाळ्याला गेलो. वाटेत त्या भिगवणपर्यंत झोपल्या, आणि नंतर मी गेल्या सत्रात शिकवलेल्या एका तासातल्या चुका सांगत राहिल्या.

वडिलांनी दुकानातलं एकमेव स्टूल पुसून दिलं. पुण्याच्या बाई आल्यात म्हणून हात चार वेळा धुतले, तरी ग्रीस निघालं नाही. चहा आला. मॅडमनी काही आडवळण घेतलं नाही. गेटवरचा अणू, समिती, 'गोल्ड', फलकावरचा कागद, मुलाखत, सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मी गप्प बसले असते, तर तुमच्या मुलाला जागा मिळाली असती. माझ्यामुळे गेली."

वडिलांनी हातातली ट्यूब खाली ठेवली.

"बाई, ह्यानं बरोबर उत्तर दिलं?"

"हो."

"आन् नोकरी गेली?"

"हो."

"मग चूक उत्तर दिल्यावर काय मिळतं?"

"कायम नोकरी," मॅडम म्हणाल्या.

"मग ह्याला ते का न्हाई शिकवलं?"

त्यात टोमणा नव्हता. वडील खरंच विचारत होते. साऱ्या स्टाफरूमला गप्प करणाऱ्या बाईंनी चहाचा कप खाली ठेवला, चष्मा काढला आणि तो पुसत बसल्या.

"मी एकदा करून बघितलं हो," त्या म्हणाल्या. "एक दिवससुद्धा जमलं नाही."