हलीमाखालाची फणी

हलीमाखाला माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसे. तिची नजर पहिली भांगावर जाई, तिथून कानामागे, मग मानेवर, आणि मग कुठे ती "काय बडी, बरी हाय ना?" असं विचारी. बडी म्हणजे मी, घरातली थोरली. मला वाटायचं, ही बाई माझ्याशी नाही, माझ्या डोक्याशी बोलते आहे. अंगावर काटा यायचा.

नव्वदच्या दशकातलं सेनगाव. हिंगोली जिल्हा अजून व्हायचा होता. बाबा कचेरीत कारकून होते आणि आम्ही बाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. हलीमाखाला त्याच गल्लीच्या टोकाला. डोक्यावर टोपली घेऊन ती बांगड्या भरायला घरोघर फिरायची. टोपलीच्या तळाशी, रिबिनी आणि टिकल्यांच्या पाकिटांखाली, एक बारीक दातांची लाकडी फणी आणि जुन्या धोतराचा पांढरा तुकडा असायचा. बांगड्या भरून झाल्या की घरची बाई हळूच दार लोटून घ्यायची. मग फणी बाहेर निघायची. कोणाच्या डोक्यात काय आहे हे सगळं त्या बाईला ठाऊक होतं, आणि एका घरचं दुसऱ्या घरी तिने कधी सांगितलं नाही.

पण तिचं ते काम बघवत नसे. फणीच्या दातांतून ऊ ओढायची, डाव्या अंगठ्याच्या नखावर ठेवायची आणि उजव्या नखाने दाबायची. टच्च. लिखांचीही तीच गत. "वाजली म्हंजे जिती," ती सांगायची. "न्हाई वाजली त निस्तं टरफल. टरफलाला भ्यायचं काम न्हाई." तोंडात पान, नखांच्या कडा काळ्या, आणि बोलताना लाल थुंकीचा एखादा शिंतोडा समोरच्याच्या मानेवर. नंतर अंगठा पदराला पुसून त्याच हाताने ती चहाची बशी उचलायची. ती गेली की मी ती बशी राखेने दोनदा घासायची आणि तरी त्या बशीत कधी चहा प्यायले नाही. मी मुळातच तशी किळसखोर. ताटात केस दिसला तर दोन दिवस जेवण जात नसे.

आईची स्वच्छता मात्र माझ्यापेक्षा वेगळी होती. तिच्या स्वच्छतेत धाक होता. आमचं घर बौद्ध. गल्लीतली बाकीची घरं तशी बोलूनचालून बरी, पण आई कोणावर विसंबत नसे. "आपन किती बी साफ ऱ्हावं, बोट दाखवायचं म्हनलं की आपल्याच घराकडं येतंय," ती म्हणायची. म्हणून आमची भांडी आरशासारखी असत आणि शाळेचे कपडे रोज धुतलेले. अशा घरात पमीच्या डोक्यात उवा निघाल्या.

पमी माझी धाकटी बहीण, तेव्हा दुसरीत. खाजवून खाजवून तिची मान फोडांनी भरली होती. त्यांतून पाणी यायचं, केस चिकटायचे आणि उशीला आंबूस वास यायचा. शाळेत तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं. घरी येऊन ती म्हणाली, "माझ्याजवळ कोणीच न्हाई बसत." आई त्या दिवशी जेवली नाही. तिने आधी रॉकेल लावलं. पमी किंचाळली, उवा जागच्या जागी. मग माझा मामा आला. तो कापूस पिकवणारा. त्याच्या वस्तीवर बायका सर्रास कपाशीवर फवारायचं औषध तेलात मिसळून डोक्याला लावत. त्याने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीतून थोडं आणून दिलं.

आईने वाटीत खोबरेल ओतलं, बाटलीतलं टाकलं, आणि पमीला केस सोडून पाटावर बसवलं. तेवढ्यात हलीमाखाला दारात. टोपली उतरवायच्या आधीच तिने नाक वर केलं.

"काय मिळवलं तेलात?"

"कुटं काय? खोबरेल हाय," आई म्हणाली.

खालाने वाटी उचलली, वास घेतला आणि तरातरा मागच्या अंगणात गेली. खुरप्याने खड्डा करून वाटीसकट सगळं गाडलं, बाटलीही गाडली. आईला राग आला. आमची वाटी आणि ही कोण गाडणारी? पण खाला हात धूत म्हणाली, "भाबी, मी काडते. शिरफ तेल आन् फणी. तीन हप्ते लागतीन. पन एका लेकराचं डोकं काडून भागत न्हाई. घरातली समदी डोकी एकाच दिवशी काडायची."

तिची रीत अशी. डोकं तेलाने निथळेस्तोवर भिजवायचं, म्हणजे ऊ पळत नाही. केसांच्या बोटाएवढ्या बटा करायच्या. प्रत्येक बट मुळापासून टोकापर्यंत चार वेळा, आणि दर वेळी फणी पांढऱ्या फडक्याला पुसायची. चौथ्या दिवशी पुन्हा, कारण मागे राहिलेल्या लिखा तोवर फुटतात. फडकं शेवटी उकळत्या पाण्यात. पहिल्या दिवशी पमीचं फडकं बघून मला ओकारी आली. ते अख्खं फडकं चालत होतं.

आई बसली. बाबा कुरकुरले, "मला कुठल्या उवा," म्हणाले, पण वर्तमानपत्र तोंडासमोर धरून तेही बसले. मी नाही बसले. त्या नखांचा स्पर्श माझ्या डोक्याला, ही कल्पनाच सहन होत नव्हती. "मी माझं मी विंचरते, मला नाहीत," असं मी ठणकावून सांगितलं. वेण्या माझ्या मीच घालायची, त्यामुळे कोणी तपासलं नाही.

मला होत्या. कितीतरी दिवसांपासून होत्या. मी वर्गात पेन्सिलीने खाजवायची, मोरीत दार लावून बोटाने ओढायची, हाताला लागली की नुसतं झटकायची. आणि झोपायची पमीच्या शेजारी, एका उशीवर.

चार वेळा फणी फिरली. पमीचं डोकं साफ व्हायचं आणि चौथ्या दिवशी पुन्हा तशाच मोठ्या, भरलेल्या उवा. आई खचली. शाळेतून पुन्हा निरोप आला होता. पाचव्या खेपेला खाला आली तेव्हा आई तिला म्हणाली, "बस झालं तुमचं तेल. भावाला सांगावा धाडलाय. उद्या दुसरी बाटली घेऊन येऊन राहिला तो. दुनिया लावती, कोणाला काय होत न्हाई."

खाला पमीच्या मागे बसली होती. तिने फणी खाली ठेवली.

"माझ्या लेकीला, मुन्नीला झालं," ती म्हणाली. "म्याच लावलं. ह्याच हातानं. तिची बी मान अशीच फुटली व्हती. तिथून इख आत गेलं, दागदर मागून म्हनला. लाळ गळाली, आंग थरथर कापलं. हिंगोलीला न्यायलो जीपमधी, बराबर रस्त्यातच गेली. तुझ्या छोटीएवढीच व्हती."

आई खाली बसली.  रडत म्हणाली, "मंग मी करू काय, खालाबाई? चार डाव काडलं. कुटून येतात परत?"

"घरात एक डोकं ऱ्हाऊन गेलंय," खाला म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पमीची बट हातात घेऊन ती पुढचं काम करायला लागली.

आई डोळे पुसत घागर घेऊन हापशावर गेली; तिथल्या रांगेत तासभर मोडायचा. मी उठले, मागच्या अंगणात जाऊन वेण्या सोडल्या आणि पाट टाकून बसले. खाला आली. तिचा अंगठा माझ्या टाळूला लागला आणि मी डोळे गच्च मिटले. तेल कानांवरून गळ्यात उतरलं. फणी लागली, पुसली, लागली, पुसली. शेवटी मी फडकं पाहिलं. पमीच्या फडक्यापेक्षा काळं. वळवळत होतं. मी तिथेच ओकले. खालाने माझं तोंड तिच्या पदराने पुसलं, त्याच पदराने.

"खाला, आईला नका सांगू," मी म्हणाले.

"काहून सांगू? ऊ काय इचारून येती का, कोणाच्या डोक्यात जाऊ म्हून?" आणि मग थोड्या कडक आवाजात, "पन डोकं लपवू नको, बडी. लपवलं की दुसऱ्याच्या जिवावर येतंय."

आई परत आली तेव्हा माझ्या वेण्या घालून झाल्या होत्या आणि फडकं उकळत्या पाण्यात होतं. "ऱ्हायलेलं डोकं बाबूसाहेबाचंच होतं वाटतं," खाला तिला सहज म्हणाली. "मागच्या डावाला पेपर धरून मान हलवत होते. त्यांची परत काडू." बाबांनी बिचाऱ्यांनी तो आळ जन्मभर सोसला. माझं डोकं खालाने आणखी पाच वेळा काढलं, आई बाजारात गेली की. मामाची दुसरी बाटली आईने दारातूनच परत धाडली. घर साफ झालं. पमीला बाकावर पुन्हा जोडीदारीण मिळाली. आणि मी? मी खालाच्या नंतरची बशी घासणं सोडलं नाही. किळस गेली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल.

पुढे आम्ही हिंगोलीला आलो. बाबा गेले. काही वर्षांनी हलीमाखाला गेल्याचं कळलं तेव्हा आई, कॉलेजात शिकणारी पमी आणि मी जीपने सेनगावला गेलो. आतल्या सोप्यात सतरंजीवर गल्लीतल्या बऱ्याच बायका बसल्या होत्या. खालाची सून नवी, परगावची. ती एकेकीला विचारत होती, "तुमची कशी वळख?"

"बांगड्या भरायला यायची आमच्याकडं," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, बांगड्या. तिसरीही बांगड्या. या सगळ्यांची दारं लोटलेली मी पाहिली होती. माझी पाळी आली. "बांगड्या," मी म्हणाले. त्या क्षणी माझी मलाच जी घाण वाटली, ती त्या फडक्याचीही वाटली नव्हती.

पमी मात्र सरळ म्हणाली, "माझ्या डोक्यात उवा होत्या. विष लावणार होते, खालांनी लावू दिलं नाही. म्हणून मी जिवंत आहे."

 पमीच्या शेजारची बाई नकळत थोडी बाजूला सरकली. मला ते सरकणं सहन झालं नाही.

"पमीच्या आधी माझ्या डोक्यात होत्या," मी मोठ्याने म्हणाले. "माझ्याच तिच्या डोक्यात जात होत्या. मी लपवलं होतं. खालाने ते कोणाला सांगितलं नाही."

आईने माझ्याकडे वळून पाहिलं.

"म्हंजे ती दुसरी बाटली," ती सावकाश म्हणाली, "मी तुझ्यापायी मागवली होती."

मी 'हो' म्हणून मान हलवली.  आईचा हात पमीच्या डोक्यावर गेला आणि आम्ही उठेपर्यंत तिथेच राहिला.