पुंजाजीबाबाच्या मांडीवर हत्तिणीचा पाय

दुसरबीडच्या रस्त्यावर माही चहाची टपरी हाय. समोर लिंबाखाली पुंजाजीबाबा बसते. सत्तरी गाठली, पण बैलाले नाल ठोकावा तं त्याईनंच. दोर टाकून बैल पाडला, पाय बांधले, की खूर तासून खिळे ठोकून मोकळे. ट्रॅक्टर आले, गिऱ्हाईक आटलं, तरी बाबा सकाळी सामान मांडतेच. बोलणं कमी, अकड लय.

मागच्या चैत्रात एक माहूत हत्तीण घेऊन मेहकरकडं चालला होता. रूपकली तिचं नाव. त्यानं तिले घटकाभर लिंबाच्या सावलीत उभी केली. तिनं तिथंच घमेलंभर लेंडाचा ढीग टाकला, अन् मी माहुतावर तोंड सोडलं. माहा धंदा बुडवायले आला का, म्हणलं. निघतांनी मात्र तिनं पुढचा उजवा पाय टेकवलाच नाही. तळव्यात लोखंड रुतलं होतं, नुसतं डोकं दिसे.

माहुताचा चेहराच उतरला. जनावरांच्या डॉक्टरले फोन लावला, तं ते संध्याकाळशिवाय येत नव्हते. लोखंड आत गेलं, पाय पिकला, तं ही बसंन, म्हणे. अन् हत्ती एकदा आडवा झाला की त्याच्याच वजनानं त्याची छाती दबते, बहुतेक उठत नाही. पुंजाजीबाबा तेव्हा जेवायले घरी गेले होते; मी धावत जाऊन त्याईले घेऊन आली.

बाबानं तिले खालून वरून न्याहाळलं अन् हुकूम सोडला, चार जाड दोर आणा, आधी पाडावं लागंन.

मी कपाळावर हात मारला. तीन टनाचं जनावर हो बाबा, तुमच्या दोरानं पडते का? माहूत तशातही हसला. त्यानं तिच्या कानाशी एक शब्द म्हणला. रूपकलीनं पाय उचलला अन् स्टुलावर बसलेल्या बाबाच्या मांडीवर ठेवला. ठेवला म्हणजे नुसता टेकवला; अंगाचा भार तिनं तिन्ही पायावर तोलून धरला होता. बाबाचं तोंड उघडंच राह्यलं. पन्नास वर्षांत एका बैलानं त्याईले आपणहून पाय दिला नव्हता.

खूर कुठं हाय, हे बाबा पाहू लागले. खूर नव्हताच. पुढं नखं, खाली उन्हाळ्यातल्या वावरासारखा भेगाळलेला तळवा, अन् दाबला तं मऊ. माहूत सांगे, हत्ती बोटांवर उभा राह्यते, टाचेखाली चरबीची गादी असते, म्हणून एवढा देह बिनआवाज चालते. जमिनीतली दूरची थरथर पण याच तळव्याले समजते. जंगलात हे पाय पडते तिथं वाट होते, हरणं त्या वाटेनं जाते. आटलेल्या नदीची वाळू उकरून हत्ती पाणी काढते, ते मग सारेच पेते. खाल्लेलं अर्धंच पचते. बिया लेंडातून कोसभर लांब पडते, तिथं झाडं उगवते. मी त्या ढिगाकडं पाह्यलं अन् मघाचे शब्द मनातच परत घेतले.

बाबानं पक्कड लावली. श्वास रोखून एका दमात ओढलं. अख्खं निघालं. आत काही राह्यलं नाही, चालंन आता, असं माहूत म्हणला, अन् मी जखम धुवायले मिठाचं पाणी गरम करायले वळली. पाय खाली गेला.

पण बाबा पकडीतल्या खिळ्याकडंच पाहून राह्यले होते. चपट्या डोक्याचा, नाल ठोकायचा खिळा. असा खिळा या रस्त्यावर दुसऱ्या कोणाचा असणार? खिशात टाकला असता तं कोणाले कळलं नसतं.

"माहा हाय हा," बाबा म्हणले. "माह्या हातून पडला."

सोंड खाली आली. ओला शेंडा आधी खिळ्यावरून फिरला, मग जखमेवरून, मग बाबाच्या एकेका बोटावरून. पुन्हा खिळ्यावर. माहूत हळूच म्हणला, वास ती विसरत नाही, जरा मागं व्हा. बाबा हलले नाही.

"चुकलं वं माय," बाबा तिले म्हणले. "आता काय करायचं ते कर."

रूपकलीनं मोठा श्वास सोडला, बाबाचा सदरा फडफडला. मग तोच रक्ताळलेला पाय, कोणी काही न सांगता, तिनं उचलून पुन्हा त्याईच्या मांडीवर ठेवला. बाबानं तो दोन्ही हातानं धरला अन् हमसून हमसून रडले.