निळ्या हौदातले मासे

मामांना काहीही विचारलं की ते बाही वर सारून कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "मज काय पुसतेस? पाण्यांस पूस." पाऊस येईल का, बाजारात नारळ बरे आलेत का, उत्तर तेच. हौद यायच्या आधी हा प्रयोग न्हाणीतल्या पितळी घंगाळावर चालायचा.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. रत्नागिरीहून बदली होऊन कुंभकोणमला आले आणि तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, मराठी बोलणारं घर मिळालं म्हणून हरखले. पहिल्या दिवशी ती जुन्या वळणाची मराठी ऐकली तेव्हा माझ्या खापरपणजोबांनीच दार उघडलं की काय, असं वाटलं. मामांचं बाजारात पितळी भांड्यांचं दुकान होतं. मामा-मामी दोघंही विठ्ठलाचे भक्त, एकादशीला गोविंदपुरमच्या भजनाला जाणारे. घर देताना मामींनी अट एकच घातली, घरात मासे आणायचे नाहीत. मी मान डोलावली. खाडीकाठच्या बाईला अशी मान डोलावताना काय वाटतं, हे तुमच्यातल्या मासेखाऊंना सांगायला नको.

उन्हाळ्याच्या सुट्टीत बेंगळुरूहून मामांचा मुलगा आणि नातवंडं आली. मुलानं परसात पोरांसाठी पोहण्याचा हौद उभा केला. खणाखणी काही नाही, लोखंडी पायांवर जमिनीवरच उभा राहणारा, जाड निळ्या प्लास्टिकचा, मामांच्या छातीएवढा उंच. पोरं मनसोक्त डुंबली आणि गेली. हौद रिकामा करून माळ्यावर टाका, असं मुलगा जाताना सांगून गेला. मामा हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी औषध घातलेलं ते पाणी सोडून दिलं. हौद घासला, तळाशी विटा आणि फुटकी मडकी आडवी ठेवली, विहिरीचं पाणी भरलं आणि चार दिवस तसंच निवू दिलं. वर जुन्या धोतराचं छत बांधलं. पाणी फिरवणाऱ्या मोटारीच्या तोंडाला मामींच्या सुती साडीचा तुकडा बांधला. मला वाटलं, कमळं लावणार.

त्या रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. मामा उतरले, मागून दुकानातलं मोठं पितळी तपेलं उतरलं, आणि तपेल्यात जिवंत मासे. मी जिन्यातच थिजले. ज्या घरात लसणाचं नाव काढत नव्हते त्या घराच्या ओट्यावर मासे उड्या मारत होते, आणि मामा एकेकाला ओंजळीत धरून हौदात सोडत होते. त्या माणसानं जन्मात मासा हातात धरला नसावा. मामी मागच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या राहिल्या आणि पुढचे दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत.

अरसलार नदी आटली होती. पुलाखालच्या डबक्यात मासे अडकले होते आणि बगळे टपून बसले होते. रोज दुकानाला जाताना मामांना ते दिसत. त्यांनी एवढंच सांगितलं, "नदींस पाणी आलें की अस्के सोडीन." अस्के म्हणजे सगळे. एकही कमी होता कामा नये, असा त्यांनी ध्यासच घेतला.

मग मला बोलावणं आलं. तू मासेवाल्या मुलखाची, तेव्हा हे खातात काय ते सांग, असं म्हणाले. माझी पंचाईत झाली. माशांना काय घालतात ते मला ठाऊक नव्हतं, काय लावतात ते ठाऊक होतं. तरी मामा दुकानात गेले की हौदाकडे बघायचं काम माझ्याकडे आलं. मांजराला दुधाची राखण! पण खरं सांगते, महिन्याभरात ते मासे मला खाण्याचे वाटेनासे झाले.

मामीही विरघळल्या. हळूच मुरमुरे टाकू लागल्या. त्यांना वेगळीच काळजी होती. मामांच्या दंडावर एक काळपट गाठ आली होती आणि वाढत होती. डॉक्टरांचं नाव काढलं की मामा हात पाण्यात घालायचे. आपल्याकडे देवळाच्या तळ्यात गूळ सोडतात, गूळ विरघळतो तशी अंगावरची गाठ विरघळते, असं मामींनी मला सांगितलं होतं. पण ते देऊळ लांब, आणि मामींचे गुडघे धरलेले.

अमावास्येला सकाळी मी खिडकीतून पाहिलं, मामी हौदापाशी हात जोडून उभ्या होत्या. पाण्यात काहीतरी सोडत होत्या. मी समजले, मुरमुरे.

तिसऱ्या दिवशी उठले तेव्हा आभाळ गच्च भरून आलं होतं. खिडकी उघडली. निळ्या हौदावर पांढरी पोटंच पोटं तरंगत होती. मी धावत खाली गेले. मामा कोपरापर्यंत हात पाण्यात घालून उभे होते, पण डोळे उघडे होते. पाण्याला आंबूस वास येत होता. त्यांनी बोट जिभेला लावलं.

"गूळ," ते मला हळूच म्हणाले.

तेवढ्यात मामी दारात आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. मामांनी वळूनही पाहिलं नाही.

"उन्हानं गेले," ते म्हणाले.

पाच-सहा मरळ तेवढे वाचले. आंबलेल्या पाण्यात बाकीचे गुदमरले, पण ही वर येऊन हवा घेणारी चिवट जात. मामांनी त्यांना तपेल्यात काढलं, मेलेले मासे नारळाच्या मुळाशी पुरले आणि हौद पुन्हा घासायला घेतला. दुपारी जेवले नाहीत. गुळाबद्दल परत कधी एक अक्षर बोलले नाहीत. उलट मामींना दंड दाखवून म्हणायचे, बघ, गाठ कमी झाली. मला तर ती वाढलेलीच दिसत होती.

नदीला पाणी यायच्या आठवड्यात एका सकाळी मामा दुकानात तांब्या पुसता पुसता गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. मी कचेरीतून आले तेव्हा ओट्यावर माणसं जमली होती, आणि मला एकच सुचत होतं, की मोटार लावायची राहिली आहे. मी गर्दीतून सरळ परसात गेले आणि मोटार लावली. मग तिथंच मटकन बसले आणि रडले.

पाणी आलं त्या दिवशी मामींनी मला हाक मारली. मरळ तपेल्यात घेतले आणि आम्ही दोघी रिक्षानं पुलाशी गेलो. गढूळ लाल पाणी डबकी बुडवत पुढं चाललं होतं. मामी गुडघे दुखत असतानाही पायऱ्या उतरल्या. शेवटच्या पायरीवर बसून तपेलं कलतं केलं. मासे क्षणभर तिथंच घुटमळले आणि मग दिसेनासे झाले.

मी त्यांना उठवायला हात पुढे केला, पण त्या बसूनच राहिल्या. बाही वर सारून त्यांनी हात पाण्यात बुडवला.

"उन्हानं गेले म्हणाले," मामी म्हणाल्या. "तें दिवशीं ऊन कोठें होतें?"