पाटलांच्या घरचा मुखत्यार

नळदुर्गच्या स्टँडवर धाराशिवच्या गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या शंभुलिंगाला कुणी ‘कुठं निघालात?’ असं विचारत नसे. खांद्याला रेक्झिनची पिशवी, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट. म्हणजे आज कोर्टाची तारीख. कंडक्टरसुद्धा न विचारता तिकीट फाडायचा.

घर होनगावच्या पाटलांचं. बोरी नदीच्या काठची काळी जमीन, चार पिढ्यांचं नाव. जमीन थोरले ईरण्णा बघायचे आणि कोर्ट धाकटा शंभुलिंग. अशी वाटणी कुणी कधी ठरवली नव्हती. शंभुलिंग विशीत असताना गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीचा हुकूम आला होता, भूमला. जनावराच्या पोटाला नुसता हात लावला की त्याला दुखणं कळायचं, त्यामुळं नोकरी त्याच्या मनासारखी होती. पण त्याच महिन्यात चुलत घराण्यानं अर्ध्या जमिनीचा दावा लावला. वडील म्हणाले, “केस उरकू दे, मग जा.” वडील गेले, केस राहिली. मधे अक्कलकोटकडची एक मुलगी पसंत पडली होती. साक्षीपुराव्याचा हंगाम संपू दे म्हणून लग्न पुढं ढकललं, आणि मुलीकडचे काही थांबले नाहीत. नंतर घरात तो विषयच निघाला नाही. शंभुलिंगानंही काढला नाही. गोठ्याशेजारच्या खोलीत त्याची खाट पडली ती पडलीच.

भांडण साधंच होतं. समोरच्या बाजूचा वीरप्पा म्हणायचा, माझा पणजा मल्लप्पा आणि तुमचा पणजा सिद्रामप्पा हे सख्खे भाऊ, म्हणून अर्धी जमीन आमची. ईरण्णांचं म्हणणं, मल्लप्पा हा घरात पाळलेला पोरगा, त्याला कसला हिस्सा? खरं काय ते सांगणारं माणूस आता कुणी उरलं नव्हतं. मग नवीन वकिलांनी सुचवलं, “निजामाच्या काळात तुमच्या घराण्यानं एका सावकाराशी दावा लढलाय म्हणतात. त्याच्या कागदात वंशावळ असणार. ती काढा. मल्लप्पा त्यात नसला की आपण जिंकलो.”

ते काम अर्थातच शंभुलिंगाकडं आलं. जुने कागद उर्दूत. दर वेळी वाचायला माणूस कुठून आणायचा, म्हणून त्यानं नळदुर्गातल्या एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं बसून अक्षरं गिरवली. पन्नाशी उलटलेला माणूस अलिफ-बे घोकतोय म्हणून गावानं चार दिवस हसून घेतलं. मग रेकॉर्ड रूमला अर्ज, अर्जामागं अर्ज. एकेक मिसल, म्हणजे एका दाव्याचं सगळं बाड, समोर यायचं. कापडात बांधलेले पिवळे कागद, मधे वाळवीनं खाल्लेले. बोट ठेवून तो एकेक नाव वाचायचा. अमुक वल्द तमुक. म्हणजे तमक्याचा मुलगा अमका. आपलं घराणं असं नावानावानं मागं मागं जाताना बघून सुरुवातीला त्याला बरं वाटलं.

सावकाराची मिसल पावसाळ्याच्या तोंडावर सापडली. वंशावळ तिच्यात होती, सिद्रामप्पानं स्वतः सादर केलेली. सिद्रामप्पा, मल्लप्पा, गुरप्पा. तिघं सख्खे भाऊ, एका बापाचे. खाली सिद्रामप्पाचा अंगठा.

शंभुलिंग कागदाकडं बघत राहिला, पण त्याची नजर अडकली ती तिसऱ्या नावावर. हा गुरप्पा कोण? घरात कधी कुणी त्याचं नाव काढलेलं ऐकलं नव्हतं. त्यानं मिसल चाळली. प्रत्येक तारखेला भावांच्या वतीनं गुरप्पा हजर. ‘मुखत्यार गुरप्पा.’ उन्हाळ्यात हजर, सुगीत हजर. पुढच्या एका दाव्याच्या वंशावळीत गुरप्पाच्या नावाखाली मुलांकडं जाणारी रेघ नव्हती, एकच शब्द होता: लावल्द. मागं मूलबाळ नाही.

त्या दाव्यात मुखत्यार होता बसप्पा, सिद्रामप्पाचा धाकटा मुलगा. बसप्पाला मात्र शंभुलिंगानं पाहिलं होतं. गोठ्याशेजारच्या खोलीत राहणारा, भर उन्हात काळा कोट घालणारा, कुणाशी न बोलणारा म्हातारा. शंभुलिंग लहान असताना त्यानं त्याला खांद्यावर बसवून खंडोबाच्या यात्रेला नेलं होतं. नंतरच्या कागदात त्याच्याही नावाखाली तोच शब्द.

रेकॉर्ड रूममधला पंखा बंद पडला होता. शंभुलिंगानं दोन्ही वंशावळी शेजारी शेजारी ठेवल्या. पिढी बदलली की वादी बदलत होते, जमिनीचे बांध बदलत होते. एक गोष्ट तेवढी बदलत नव्हती. घरातला एक माणूस कोर्टाला द्यायचा, आणि त्याच्या नावाखाली रेघ ओढायची नाही. त्यानं नकलेचा अर्ज भरला.

नक्कल घेऊन तो घरी आला. ईरण्णांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, “ठेवून दे पेटीत. कोर्टाला दाखवायची न्हाय.”

“अण्णा, आपल्याच पणज्यानं दिलंय की लिहून.”

“म्हणून तर दाखवायची न्हाय. इतकी वर्षं चाललं, अजून चालंल. तुला आता झेपंना हे मलाबी कळतंय. शिवांजलीची वकिली झालीय. आता ती बघंल. घरचं माणूस ते घरचं माणूस.”

शिवांजली ईरण्णांची धाकटी लेक. पुण्यात एका वकिलीणबाईंच्या हाताखाली काम मिळालं होतं, बॅग भरलेली होती. दारात उभी राहून ती ऐकत होती. शंभुलिंगाला वाटलं, पोरगी भांडेल. ती भांडली नाही.

“चालेल ना काका,” ती म्हणाली. “केस उरकली की जाईन.”

वडिलांचं ‘केस उरकू दे, मग जा’ शंभुलिंगाला आठवलं. त्या रात्री तो नीट जेवला नाही. वहिनींनी विचारलं तर पित्त झालंय म्हणाला.

पुढच्या तारखेला त्याची साक्ष होती. पिंजऱ्यात उभं राहायची त्याला सवय होती, काय बोलायचं तेही पाठ होतं. वीरप्पाच्या वकिलानं नेहमीचा प्रश्न विचारला, “मल्लप्पा तुमच्या घराण्यातला कोण?”

मागच्या बाकावर ईरण्णा बसले होते. शेजारी शिवांजली, हातात फाईल. शंभुलिंगानं गजाला धरलं.

“सिद्रामप्पाचा सख्खा भाऊ,” तो म्हणाला.

आपलेच वकील ताडकन उठले. न्यायाधीशांनी पुन्हा विचारलं. शंभुलिंगानं पुन्हा तेच सांगितलं, आणि पिशवीतली नक्कल काढून पुढं केली. कोर्टाबाहेर आल्यावर वीरप्पा त्याच्याकडं यायला निघाला, पण मधेच थांबला. दोघांनी एकाच गाडीनं या तारखांना हेलपाटे घालून केस पांढरे केले होते.

ईरण्णा गाडीत एकच वाक्य बोलले. “तू केलंस, आता तूच निस्तर.”

शिवांजली पुण्याला गेली. जाताना काकाच्या पाया पडली, बाप बघत होता तरी. निकाल वीरप्पाच्या बाजूनं लागला. पण निकाल लागला म्हणजे आपण सुटलो असं शंभुलिंगाला वाटलं होतं, ते काही खरं नव्हतं. वाटप करायचं म्हणजे कागद कोर्टातून कचेरीत, कचेरीतून मोजणीला, मोजणीतून हरकतीला. आणि हे सगळं ठाऊक असलेला घरात एकच माणूस. ईरण्णा त्याच्याशी बोलत नव्हते. कचेरीची नोटीस आली की ती फक्त त्याच्या खाटेवर येऊन पडायची. तो शर्टाला इस्त्री करायचा आणि निघायचा.

एकदा वकिलांनी वाटपाचा तक्ता भरताना विचारलं, “तुमचा स्वतःचा हिस्सा अण्णांच्यात एकत्र ठेवायचा, की वेगळा काढायचा?”

“घरी विचारून सांगतो,” शंभुलिंग म्हणाला. तोंडातून आपोआपच आलं.

“कुणाला विचारणार?”

वकिलांनी सहजच विचारलं होतं. शंभुलिंगानं तक्त्यातल्या नावांवरून बोट फिरवलं. आपला म्हणून जमिनीचा एखादा तुकडा असू शकतो, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. बाहेर कुणीतरी टायपिंग करत होतं.

“वेगळा लिहा,” तो म्हणाला.

“काय?”

“वेगळा. ओढ्याकडचा माळ चालंल. चार जनावरं उभी राहतील एवढा.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट त्याच्या आधी घरी पोचली होती. वहिनींनी ताट वाढलं, भाकरीवर चटणी घातली, तेलही सोडलं. ईरण्णा दिवाणावर पाठ करून पडले होते. मोजणीचा नंबर अजून लागायचा होता, आणि तोवर शंभुलिंगाला याच घरात, गोठ्याशेजारच्या त्याच खोलीत राहायचं होतं. तो खाली मान घालून जेवला, ताट स्वतः धुतलं, आणि गोठ्यात एक म्हैस सकाळपासून चारा तोंडात धरत नव्हती, तिच्या पोटाला हात लावून बघायला गेला.