नदीवरून घरी आणलेला मित्र

एटापल्लीकडच्या आमच्या गावात दुपारी डोळा लागला, की अजूनही मला ती नदी दिसते. गुडघाभर पाणी, पाण्यावर सकाळचं धुकं आणि मधोमध वाकून उभी माझ्या मित्राची आई.

मित्र फौजेत होता. सीमेवरच्या लढाईत गेला. पेटी आली ती बंद. उघडू नका म्हणाले. सलामी झाली, भाषणं झाली, पुढारी घाम पुसत गाडीत बसले. माती दिली, तरी मावशीचं, म्हणजे त्याच्या आईचं, एकच चाललं होतं, "पोरगा अजून घरी आला नाई."

त्यांच्या आदिवासी समाजात रीत आहे. गेलेल्याला नदीवर जाऊन हाक मारायची. पाण्यातून जो पहिला जीव हाती लागेल तो घरी न्यायचा, घरात पूर्वजांची जागा असते तिथे ठेवायचा. मग गेलेला माणूस घरी आला, असं मानायचं. मावशी उजाडल्यापासून हाका मारत होती आणि ओंजळीत नुसतं पाणी येत होतं. इतक्या लांबून कसा येईल, असं म्हातारे कुजबुजू लागले.

मी काठावर, सगळ्यांच्या मागे. आम्ही बौद्ध, आत्मा वगैरे मी मानत नाही, एरवी तासभर वाद घातला असता. पण भरतीला त्याला मीच ओढून नेलं होतं. माझी धाव अर्ध्यात संपली, तो धावतच राहिला. पेटी आल्यापासून मी मावशीच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं.

"तू हाक मार," ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तुह्या आवाजावर तो जेवण सोडून पळे."

चपला काढून पाण्यात उतरलो आणि रोज त्यांच्या कुंपणापाशी ओरडायचो तसाच ओरडलो, "काऊन बे, येतं का नाई? किती वाट पाहू?"

आवाज पलीकडच्या सागांत शिरला. बराच वेळ काहीच नाही. मग मावशीच्या ओंजळीत नखाएवढा झिंगा टुणकन उडाला.

मी मानत नाही. पण मला रडू फुटलं, आणि खरं सांगतो, तो आल्यासारखंच वाटलं.

झिंगा मडक्यात ठेवून, वर फडकं झाकून मंडळी गावाकडे निघाली. मी पाण्यातच उभा राहिलो. थोडं चालून मावशी थांबली.

"त्याले तर आणलं," ती म्हणाली. "तू कधी घरी येशीन?"