शिवडीच्या बाईंचा मसाला आणि नवा पायथन

लालबागला माझ्या ताईचं मसाल्याचं दुकान आहे. मिरची आणि खडा मसाला भाजून ती डंकात, म्हणजे लोखंडी मुसळांच्या यंत्रात, कुटून देते. नेहमीचं गिऱ्हाईक प्रमाण सांगत बसत नाही. "गेल्या वर्षीसारखाच," एवढंच म्हणतं. म्हणून घरोघरचं प्रमाण सांभाळणारा आणि पिशवीवरचं लेबल छापणारा छोटा प्रोग्राम मी तिला पायथन या संगणकाच्या भाषेत लिहून दिला होता.

मी याद्या करणारी बाई. माझ्या यादीतला पहिला नियम, हंगामात कशाला हात लावायचा नाही. तो मीच मोडला. तिचा संगणक ज्यावर चालतो त्या जुन्या लिनक्स प्रणालीला दुरुस्त्या मिळणं बंद होणार होतं आणि माझा शनिवार मोकळा होता, म्हणून ऐन एप्रिलात सकाळी गिरगावातून बस पकडून आले आणि दुकानातल्या संगणकावर नवं लिनक्स चढवलं. त्याच्याबरोबर नवा पायथन आला, आणि प्रोग्राम उघडेना.

"चार वाजता शिवडीच्या बाई येतायत," ताई म्हणाली. "त्यांची आई गेली गो, दिवाळीत. मसाला आईच करून न्यायची. प्रमाण आपल्याकडे सोडून कुठेच नाही."

"तुला आठवत नाही?"

"सगळ्यांचं आठवायला मी काय संगणक आहे? असते तर तुझा प्रोग्राम कशाला लागला असता?"

प्रमाणांची फाइल शाबूत होती. तिच्या दोन प्रतीही होत्या. यादीत तसं लिहिलेलंच आहे. पण प्रोग्राम पॅकेजांवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार तुकड्यांवर चालतो. फाइल वाचणाऱ्या पॅकेजला एक तिसरं पॅकेज जुनंच लागत होतं आणि लेबल छापणाऱ्याला तेच तिसरं नवं हवं होतं. जुनं घातलं की लेबल रुसायचं, नवं घातलं की फाइल. मी कागदावर बाण काढले. मग बाणांवर बाण काढले. दोन वाजले, जेवण राहिलं.

ताई वाटीत कोलंबीचं कालवण घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून कागद बघत उभी राहिली.

"काय झालंय ते मराठीत सांग."

मी सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अगो, हळदीला आपला डंक वेगळा, मिरचीला वेगळा. एकातच दोन्ही घालशील तर भांडणारच ना ती!"

मी चमचा खाली ठेवला. पायथनमध्ये नेमकी हीच सोय आहे. प्रत्येक कामाला पॅकेजांची वेगळी खोली करता येते. एकीतलं दुसरीत जात नाही. ऑफिसात नव्या माणसांना मी हे पहिल्या दिवशी शिकवते. आणि बहिणीच्या दुकानाला कशाला एवढा थाट, म्हणून इथे टाळलं होतं!

प्रोग्रामचे दोन तुकडे केले. पहिल्याच्या खोलीत जुनं पॅकेज. त्याने फाइल वाचून प्रमाणं साध्या मजकुरात लिहून द्यायची. दुसऱ्याच्या खोलीत नवं. त्याने तो मजकूर घेऊन लेबल छापायचं. खोल्यांना नावं दिली, हळद आणि मिरची. साडेतीनला प्रिंटर घरघरला आणि ताईने मला घट्ट मिठी मारली. तिच्या हाताची मिरची माझ्या मानेला लागली; आम्ही दोघी शिंकत, हसत राहिलो.

बाई चारला आल्या, हातात स्टीलचा रिकामा डबा. "आई काय घालायची ते मला खरंच माहीत नाही हो," त्या दारातूनच म्हणाल्या.

ताईने छापलेला कागद पुढे केला. बेडगी, धणे, लवंग, तमालपत्र. शेवटी ताईने कधीतरी बाईंच्या आईच्या तोंडचं जसंच्या तसं टाइप केलेलं: दगडफूल दुप्पट, लेकीला वास आवडतो.

बाईंनी ते दोनदा वाचलं. डोळे भरले आणि तशाच त्या हसल्या. "मी विचारायचे तर म्हणायची, काही नाही गं, नेहमीचंच."

"मग? नेहमीचंच करू ना?" ताईने विचारलं.

"करा. दगडफूल मात्र तिप्पट. माझ्याही लेकीला आवडतं."

ताईने मिरचीचा डंक सुरू केला. मी खुर्ची ओढली आणि दुपटीच्या जागी तिप्पट लिहिलं.